मर्दानाची साथ

रबाबवाल्याचा उजवा हात थरथरतोय हे आधी कपबशीला कळलं. चहा पिताना ती किणकिणायला लागली. "वय झालं, दुसरं काय!" बायको म्हणाली आणि त्याला स्टीलचा पेला दिला. पण पुढे तीच थरथर रबाबाच्या तारा छेडायच्या नखीत उतरली.

उभ्या आयुष्यात त्याने एकाच गळ्याची साथ केली होती. तो गळा बाईंचा. त्या गुरू नानकांच्या रचना गायच्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तालीम चाले. खाली हातोडी, वर आलाप. मध्येच गाणं थांबवून बाई नानकांच्या गोष्टी सांगत. नदीत बुडाले म्हणून लोकांनी आशा सोडली होती आणि ते बाहेर आले ते 'कुणी हिंदू नाही, कुणी मुसलमान नाही' असं म्हणत. बड्या घरचं जेवण सोडून घाम गाळणाऱ्या सुताराकडे जेवले. एवढं नाव झालं, तरी उतारवयात स्वतःचं शेत स्वतः कसलं. बोलताना बाईंचे डोळे असे चमकायचे, जणू आपल्याच घरातल्या थोरल्यांबद्दल सांगताहेत.

रबाबवाल्याला आवडायची ती मर्दानाची गोष्ट. मर्दाना मुसलमान, पिढीजात वाजवणाऱ्यांच्या घरातला. नानकांबरोबर रबाब घेऊन देशोदेशी पायी हिंडला. भूक मात्र त्याला मुळीच सोसायची नाही, मग नानक त्याच्यासाठी वाटेत थांबायचे.

"अगदी तुमच्यासारखा, भाऊ," बाई म्हणायच्या.

"मग नानकांसारखं थांबा की जरा! कधीचे पोटात कावळे ओरडताहेत."

हात थरथरायला लागला त्याच वर्षी बाईंच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण ठरलं. बाई काचेपलीकडच्या खोलीत, रबाबवाला अलीकडे. पहिल्याच गाण्यात त्याची नखी तारेवरून घसरली. पुन्हा घेतलं, पुन्हा घसरली. ध्वनिमुद्रक स्वभावाने चांगला माणूस, त्याने जवळ येऊन हळूच सांगितलं, "काका, तुम्ही दमलात. रबाबाचं आम्ही संगणकावर भागवतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही."

रबाबवाल्याने वाद्याला खोळ घातली आणि काचेकडे न बघता तो बाहेर पडला. घरी पोचल्यावर बाईंना फोन केला. "मुलीकडे तातडीने जावं लागतंय. तुम्ही उरकून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बायकोने दार उघडलं.

"लेकीची तब्येत बरी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"तिला काय धाड भरलीय! काल तर येऊन गेली इथे."

स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेल्या रबाबवाल्याला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. बाई आत आल्या, समोरचं स्टूल ओढलं आणि मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या.

"खोटं बोलायलासुद्धा हात स्थिर लागतो, भाऊ."

"काय करणार? वाजवता येईना आणि तार वाकडी."

बाई हसल्या नाहीत. "नानकांना शब्द सुचायचे तेव्हा ते आधी काय म्हणायचे?"

"मर्दाना, रबाब छेड."

"आधी रबाब, मग शब्द. त्यांना काय एकट्याने गाता येत नव्हतं?"

"मर्दानाचे हात थरथरत नव्हते."

"कशावरून? जन्म चालण्यात गेला त्याचा. थंडीवारा काय चुकला असेल? म्हातारा झाला म्हणून नानकांनी त्याला अर्ध्या वाटेत सोडल्याचं मी तरी कुठे ऐकलं नाही."

"बाई, तुमचं गाणं बिघडेल. लोक कायम ऐकणार ते."

"बिघडलं तर टाकून देऊ. पण कष्ट करा, वाटून खा, कुणाला कमी लेखू नका, असं मी गायचं आणि तुम्हाला दाराबाहेर बसवायचं? माझ्या तोंडून शब्द फुटेल का?"

रबाबवाला मटार सोलत राहिला. खोलीतून रबाब आणला तो बायकोने. "उठा आता. मटार कुठे पळून जात नाहीत."

ध्वनिमुद्रकाने बराच वाद घातला. बाई हटल्या नाहीत. द्रुत लयीची गाणी त्यांनी स्वतःच काढून टाकली. ती रबाबवाल्याच्या हातून आता होणार नाहीत हे त्यांना दिसत होतं आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलंही. मग त्या काचेपलीकडे गेल्याच नाहीत, त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"छेडा," म्हणाल्या.

त्याने तार छेडली. सूर कापरा उमटला आणि लांबत गेला. दुसऱ्या सुराला हाताने वेळ घेतला. बाई थांबल्या. सूर आला तेव्हाच त्यांनी शब्द उचलला, पुन्हा थांबल्या. ही रचना त्यांनी इतकी संथ कधीच गायली नव्हती. एका ठिकाणी नखी घसरली. बाईंनी तो शब्द पुन्हा घेतला, जणू तसंच बसवलं होतं. रबाबवाल्याच्या खांद्यातला ताठरपणा हळूहळू सैल झाला. हात थरथरत होताच, पण त्याची भीती वाटेनाशी झाली.

गाणं संपलं. ध्वनिमुद्रक त्याच्या खोलीतून बाहेर आला. "घसरलेली जागा दुरुस्त करू का?" त्याने विचारलं, आणि स्वतःच म्हणाला, "नको. राहू दे."

ठरलं होतं त्याच्या निम्मीच गाणी झाली. निर्माते कुरकुरले, मग बाईंपुढे त्यांनी हात टेकले. रबाबवाला घरी आला तेव्हा बायकोने विचारलं, "वाजवलंत का नीट?"

"नीट कुठलं," तो म्हणाला. "पण सगळं मीच वाजवलं."