खाली कोणीतरी झोपलंय

भय्यासाहेबांना रागावता येत नसे. घराणंच तसं. त्यांचे पूर्वज दरबारात आल्यागेल्याची ऊठबस करायला होते. दरबार गेला, मानपान गेला, पण कोणी समोर आलं की हात जोडायची खोड काही गेली नाही. बँकेत असताना चेक परत करायचा झाला तरी आधी ‘माफ कीजिए’ म्हणत.

असा माणूस उज्जैनला देवास गेटजवळ पहिल्या मजल्यावर राहावा आणि नेमका त्याच्या डोक्यावरचा फ्लॅट आल्हाद नावाच्या गृहस्थाने यात्रेकरूंना द्यायला काढावा, याला नशीबच म्हणायचं. महाकालाच्या पहाटेच्या भस्मारतीला जाणारा माणूस मध्यरात्रीच उठतो. उठतो म्हणजे बादल्या आपटतो, पलंग सरकवतो आणि बाथरूमचं दार बडवून आतल्याला बाहेर काढतो. बरं, एकाला समजवावं तर सकाळी तो ओंकारेश्वरच्या गाडीत बसलेला. रात्री लोक नवे, बादल्या त्याच.

“वर जा आणि चांगलं झापा,” भय्यासाहेबांच्या पत्नी माणिकबाई म्हणाल्या.

“अगं, देवाला निघालेल्या माणसाला टोकू? पाप लागेल.”

“मग ऐका. होळीपर्यंत वर शांत झालं नाही, तर मी रुचिरला फ्लॅट विकायला काढ म्हणून सांगते. पुण्याला त्याच्याकडे जाऊन राहू.”

मुलगा गुणाचा होता, पण पुणं? मागच्या खेपेला तिथल्या दुकानदाराने भय्यासाहेबांची मराठी ऐकून त्यांना हिंदीत उत्तर दिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मराठी सांभाळली, त्याची ही पावती! उज्जैनात ते भय्यासाहेब होते, पुण्यात नुसते ‘ओ काका’. एक वेळ मरण परवडलं, पण पुणं नको.

म्हणून त्या रात्री ते हात जोडून वर गेले. दार उघडणाऱ्या पगडीवाल्याने जोडलेले हात पाहिले आणि विचारलं, “आ गए? गरम पानी का क्या हुआ?” भय्यासाहेब खाली आले, गॅस पेटवला आणि दोन बादल्या कढत पाणी वर नेऊन दिलं. माणिकबाईंनी माळ्यावरची सूटकेस खाली काढली.

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळीच गेले. “आपको कष्ट न हो तो, और अन्यथा न लें तो,” अशी सुरुवात केली, पण ते वाक्य संपेचना. नवे पाहुणे जेवायला निघाले. सूटकेस डोळ्यांपुढे आली आणि भय्यासाहेबांच्या तोंडून निघून गेलं, “देखिए, यहाँ का नियम है! उठने से मंदिर पहुँचने तक मौन! पलंग नहीं सरकाते, बाल्टी नहीं बजाते!”

आयुष्यातली पहिली थाप. जिन्यातच त्यांनी कान पकडून महाकालाची क्षमा मागितली. पण त्या रात्री वर भांडं वाजलं नाही. माणिकबाई सकाळी उन्हं आल्यावर दचकून उठल्या आणि आधी नवऱ्याचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

मग रोज संध्याकाळी वर जाऊन नियम सांगणं सुरू झालं. एकदा एका बाईंनी विचारलं, “मौन किसके लिए?” आणखी खोटं बोलायचं भय्यासाहेबांच्या जिवावर आलं. म्हणाले, “नीचे कोई सो रहा है।” बाईंचे डोळे भरून आले. “समझ गई,” त्या म्हणाल्या. काय समजल्या, ते दुसऱ्या दिवशी कळलं. उंबऱ्यावर झेंडूची फुलं होती.

त्याच्या पुढच्या दिवशी नारळ आला, मग उदबत्त्या. शेजारच्या लॉजचे लोक येऊ लागले. रिक्षावाले सांगू लागले, पहले सोए बाबा, फिर महाकाल. मध्यरात्री जिना माणसांनी भरून जाई आणि जो तो दुसऱ्याला गप्प करी, “शूऽऽ! सो रहे हैं!” बादली निदान एकदा वाजून थांबे, हे शू थांबेचना. आणि आपल्यासाठीच गप्प बसलेल्यांना गप्प बसा म्हणायचं कोणत्या तोंडाने?

शेवटी एका रात्री त्यांनी दार उघडलं. “माफ कीजिए, यहाँ कोई बाबा नहीं। मैं बैंक का रिटायर्ड आदमी हूँ। नियम मैंने ही बनाया है।”

“कितने सरल हैं!” कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात एक तरुण बाई किरकिरं पोर घेऊन पुढे आली. “रात-रात भर नहीं सोता, बाबा,” म्हणत तिने ते त्यांच्या हातात दिलं. दिलेलं नाकारायची रीत त्यांच्या घरात नव्हती. खुर्चीवर बसून ते पोराला थोपटू लागले. पोर उबदार होतं आणि त्यांचा स्वतःचा डोळा कित्येक रात्री लागला नव्हता. उघड्या दारात दोघंही गाढ झोपली. जिन्यात कोणी हललं नाही.

सकाळी आल्हाद आला. हातात कचोरीचा पुडा, चेहरा पडलेला.

“काका, कसं सांगू, माझे गेस्ट परेशान आहेत. तुमच्या इथून रात्री फार आवाज येतो.”

“माझ्या इथून?”

“गर्दीचा. अन् काल तर घोरण्याचा पण. वरच्यांना नींद नाही झाली. तुम्ही थोडं काही करा न.”

भय्यासाहेब शरमेने अर्धे झाले. हात आपसूक जोडले गेले. “चुकलंच माझं. तुला इतका त्रास होत असेल तर... तर आम्ही पुण्याला जातो.”

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. दिलेला शब्द मागे घ्यायचा कसा, हेही त्यांना येत नव्हतं.

स्वयंपाकघरातून माणिकबाई बाहेर आल्या. त्यांचं माहेर दरबारी नव्हतं.

“कोण जातंय पुण्याला?” त्यांनी आल्हादच्या हातातला पुडा काढून घेतला. “तुझ्या पाहुण्यांना सांग, झोप येत नसेल तर त्यांनी जावं पुण्याला. हे कुठेही जाणार नाहीत. रडतं लेकरू हातात देण्याएवढा तिथे कोण यांना ओळखतो?”

आणि त्यांनी दार लावलं.

“तुम्ही आता पडा जरा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “रात्री आणखी तिघीजणी पोरं घेऊन येतायत. मी हो म्हणून बसलेय.”

भय्यासाहेब आडवे झाले. घर शांत होतं, वर शांत होतं, जिन्यात चिटपाखरू नव्हतं. पण त्यांना इतका आनंद झाला होता की काही केल्या झोप येईना.