काळ्या डोळ्यांची चार

माझ्या हातून आयुष्यात शेकडो बाळंतपणं पार पडली, पण सगळी उंदरांची.

आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून जिवंत उंदीर क्वचितच येत. यायचे ते गर्भ, गोठवलेले. गुडघ्याएवढं पिंप, आत हाडं गोठवणारी थंडी आणि त्या थंडीत काडीसारख्या बारीक नळ्या. त्या वर्षी आले ते वीस गर्भ एका काळ्या वाणाचे होते. पाठवणाऱ्यांकडचे त्या वाणाचे सगळे उंदीर रोगाने गेले होते. उरले होते ते एवढेच. आमच्या डॉक्टरबाईंचं अकरा वर्षांचं काम त्या वाणावर उभं होतं.

असे गर्भ पांढऱ्या मादीच्या पोटात ठेवायचे. पण त्याआधी तिला दिवस गेल्यासारखं वाटायला हवं, म्हणून तिची गाठ नसबंदी केलेल्या नराशी घालून द्यायची. त्यांना आम्ही नवरदेव म्हणायचो. नसबंदी मीच करायची. त्यानंतरही काही आठवडे त्यांच्यापासून पिल्लं होऊ शकतात, म्हणून महिनाभर पारख करायची आणि पिल्लं होत नाहीत असं दिसलं, की मगच पिंजऱ्याचं लाल कार्ड काढून हिरवं लावायचं.

गर्भ दोन माद्यांत ठेवले. एकीचं पोट सपाटच राहिलं. दुसरी मात्र अशी फुगली, की बाई दिवसातून चारदा डोकावून जायच्या.

बाराव्या दिवशी पिंजरे धुताना मला आमचा कानफाटका जुना नवरदेव लाल कार्डाच्या पिंजऱ्यात दिसला. मागच्या धुण्याच्या वेळी कार्डं परत लावताना माझ्याकडून अदलाबदल झाली होती. त्या फुगलेल्या मादीजवळ मी ठेवला होता तो तेव्हा नसबंदी होऊन चारच दिवस झालेला पांढरा नर!

"बाई, नवरदेव चुकला."

त्यांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पोटातली कोणाची, ते त्या पांढरीलाच ठाऊक."

"मला काढून टाका."

"आधी बाळंतपण तर कर. मग बघू."

घरी घास गिळेना. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

"मग रंगावरून कळेल की गं."

"केस यायला आठवडा लागतो."

"आणि डोळे?"

"मिटलेले असतात. पण काळ्यांचे कातडीखालून ठिपक्यासारखे दिसतात."

"मग जेव ना मुकाट्याने! जन्मताच कळेल."

विसाव्या दिवशी सकाळी कापसाच्या घरट्यात गुलाबी वळवळ दिसली. सात पिल्लं. बाईंनीच एकेक उचललं.

"पांढरं." मी भिंतीकडे बघत राहिले. "हेही पांढरं."

त्यांनी तिसरं उचललं.

"अगं, इकडे बघ की वेडे!"

त्यांच्या तळहातावर शेंगदाण्याएवढा जीव होता आणि त्याच्या मिटल्या पापण्यांखाली दोन काळे ठिपके. तशी चार निघाली. दोन नर, दोन माद्या. वाण वाचला होता. बाई हसत होत्या आणि नाकही पुसत होत्या.

"नवरदेवाची तीन, आपली चार," त्या म्हणाल्या. "थोडक्यात जिंकलो. उद्यापासून प्रत्येक नवरदेवाच्या शेपटीवर शाईची खूण करायची. कार्डावर विश्वास नाही."

त्या चारांच्या वंशाचे गर्भ पुढे मीच गोठवून कितीतरी देशांत पाठवले, त्याच पिंपातून.

त्या सकाळी आधी घरी फोन केला. "आई, चार!"

"बरं झालं गं बाई. आणि बाकीची?"

"तीन त्या नवरदेवाची."

"त्यांनाही नीट सांभाळ हो. चूक तुझी, त्यांची नाही."