तीन सेकंदांचं थांबणं

"वाढदिवस सिस्टिमचा, आणि भिंतीवर फोटो याचा!" ताई पुटपुटली. शेजारी खुर्च्या मांडणाऱ्या भावजयीनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्या घरात ही कला सगळ्यांनाच साधली होती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पंचविसावा वाढदिवस होता. गावोगावच्या लोकांनी घरी बसून उभी केलेली ती सिस्टिम. कुणीही उघडावी, आतलं वाचावं, चुकलेलं सुधारावं. सुधारणेखाली पाठवणाऱ्याचं नाव कायमचं राहायचं. जुने प्रिंटर चालवणाऱ्या भागाखाली ताईच्या धाकट्या भावाचं नाव होतं. म्हणून आज सत्कारही धाकट्याचाच.

तो भाग लिहिला होता ताईनं. दुकानात प्रिंटर दुरुस्त करता करता, गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाठकोऱ्या कागदांवर, पेन्सिलीनं. पण कॉलेजची पायरी न चढलेली बाई. पाठवायची वेळ आली तेव्हा तिनं कागद धाकट्यापुढे सरकवले. "तुझ्या नावानं पाठव," ती भावाला म्हणाली. "चुकलं तर तुला हसतील."

चुकलं नाही. तिथंच सगळा घोटाळा झाला.

मग लोकांच्या शंका त्याच्याकडे येऊ लागल्या, उत्तरं ती सांगू लागली, आणि आभाराची पत्रं पुन्हा त्यालाच. ती वाचताना ताईच्या पोटात असं दुखायचं, की डॉक्टरला दाखवून उपयोग नव्हता. बरं, भांडावं तर नाव तिनंच दिलेलं.

टाळ्या झाल्या. ताईनंही वाजवल्या, मोजून चार. मग एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाई उठल्या.

"सर, पहिलं पान छापल्यावर तीन सेकंद थांबायचं, असं तुम्ही लिहिलंय. का हो? आम्ही ते काढून पाहिलं, तर कागदच अडकायला लागले."

धाकट्यानं पाणी प्यायलं. चष्मा पुसला. मग सवयीनं पहिल्या रांगेत बसलेल्या ताईकडे पाहिलं.

ताईला माहीत होतं. जुन्या मशीनमधून कागद तापून, वाकडा होऊन बाहेर पडतो. तो सरळ व्हायच्या आत दुसरा आला की त्याला धडकतो. मशीनपाशी उभं राहून, मनगटावरच्या घड्याळात बघून तिनं ते तीन सेकंद ठरवले होते.

"वन्सं, खुणेनं सांगा ना," भावजय कुजबुजली. "नेहमीसारखं."

"माझा घसा बसलाय."

"खुणेला घसा कशाला लागतो?"

ताईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ती समोरच्या फोटोकडे बघत बसली. तीन सेकंद गेले. तेराही गेले. कुणीतरी खोकलं.

धाकट्यानं गळ्यातला सत्काराचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "यातली एकही ओळ माझी नाही. सगळं ताईनं लिहिलंय."