हाताने केलेले बदल

अहवालात एकूण नऊ रकाने होते. त्यांतले आठ भरायला त्याला पाऊण तास लागला आणि उरलेला एक भरायला अख्खी दुपार. त्या रकान्याचे नाव होते 'हाताने केलेले बदल'. नव्या प्रणालीने तीन महिन्यांत लिफ्टदुरुस्तीची जी कामे मेकॅनिकांना वाटून दिली, त्यांतली किती कामे माणसाने मध्ये पडून फिरवली, एवढाच तो साधा प्रश्न होता. खरे उत्तर एक्केचाळीस होते. पाच वाजता त्याने तिथे शून्य लिहिले, अहवाल धाकट्या साहेबांकडे पाठवला आणि मग बराच वेळ हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते आणि परत करायचे राहून गेले होते.

कंपनी लिफ्ट सांभाळण्याचे काम करी. शहरभर विखुरलेल्या चारशे लिफ्ट, एकोणीस मेकॅनिक, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन फोन घेऊन बसलेल्या काकू. कुठे कुणाला पाठवायचे, हे बावीस वर्षे त्याच ठरवत. लिफ्टमध्ये खरेच कुणी अडकले आहे की बोलणाऱ्याला नुसता जिन्याचा कंटाळा आला आहे, हे त्यांना पहिल्या 'हॅलो'वरून कळे. मोठ्या साहेबांना त्यांच्या शब्दाबाहेर जावेसे कधी वाटले नाही. धाकटे साहेब मात्र एका प्रदर्शनातून परतले ते डोक्यात नवे वारे घेऊनच. आता प्रणाली ठरवणार होती: कोण जवळ आहे, कोणाचा हात कशावर बसला आहे, कोणी आधी कोणते काम नीट केले आहे. झालेल्या कामांतून ती रोज थोडी शहाणी होणार होती.

तीन महिने चाचणीचे ठरले. काकूंनी नुसते पाहायचे. बदल करावाच लागला तर त्याची नोंद व्हायची. बदल मोजके निघाले तर प्रणाली कायमची घ्यायची आणि काकूंची खुर्ची हलवायची, भारंभार निघाले तर खुर्ची राहणार. हे मोजण्याचे काम त्याच्याकडे आले, कारण कंपनीत संगणकाचे कळणारा तो एकटाच होता. सव्वीस वर्षांचा, मान खाली घालून चालणारा, नमस्कारसुद्धा पुटपुटणारा. मेकॅनिकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचे मौनीबाबा असे बारसे करून टाकले होते.

तिसऱ्या आठवड्यात त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. कुणाचा तरी फोन बिघडला म्हणून तो एका इमारतीत गेला होता. तिथे तळघरात पैलवान गुडघ्यांवर बसून बटणांची पट्टी बदलत होते. पैलवान म्हणजे मेकॅनिकांतले सर्वांत ज्येष्ठ. खांदे दाराएवढे, आवाज ढगाएवढा. त्याने हातातल्या पडद्यावर नजर टाकली. प्रणालीच्या म्हणण्याप्रमाणे पैलवान त्या क्षणी शेजारच्या बावीस मजली इमारतीच्या माथ्यावर उभे होते.

"तुमचा फोन?" त्याने विचारले.

"बारक्याकडे," पैलवान म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस चोरी पकडल्यासारखा बघू लागला. "काकूंना विचार बाबा. मी हुकमाचा ताबेदार."

बारक्या हा तिशीतला सडपातळ मेकॅनिक, माकडासारखा कुठेही चढणारा. काकू रोज सकाळी पडद्यावरची यादी बघत आणि पैलवानांच्या वाट्याला उंचावरचे काम आले की दोघांना फोन करत आणि खरे कोण कुठे गेले ते आपल्या वहीत टिपत. दोघे चहाच्या टपरीवर एकमेकांचे कंपनीचे फोन बदलून घेत. चढायचा बारक्या, नाव लागायचे पैलवानांचे.

"तुझं यंत्र म्हणजे नवी सून आहे रे," त्याने विचारल्यावर काकू म्हणाल्या. "घरात कुणाला काय सोसत नाही, ते तिला कोण सांगणार? पहिले काही दिवस सासूनं झाकून घ्यायचं असतं."

"पण काकू, नोंद करायला हवी होती."

"नोंद केली की कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू?" त्यांनी दार लोटून घेतले. "गेल्या वर्षापासून त्याला उंचावर चक्कर येते. खाली बघितलं की पायांतलं बळच जातं. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. हे कागदावर आलं तर उद्या घरी बसेल. शिवाय तुझी पहिलीच नोकरी. तुझं यंत्र पहिल्याच महिन्यात तोंडावर पडलं तर हसतील तुला सगळे. शब्द दे, हे इथंच राहील."

त्याने शब्द दिला. देताना तो खरा होता. पण पुढच्या आठवड्यांत, धाकटे साहेब येता-जाता त्याच्या खांद्यावर थाप मारू लागले तसतसे त्याच्या ध्यानात येऊ लागले की दिलेला शब्द ही मोठी सोयीची शाल आहे. दुसऱ्याची अब्रू झाकताना तिच्याखाली आपलेही पुष्कळ काही झाकून जाते. पैलवानांचे नाव न घेता आकडा सांगता आला असता. बदल एक्केचाळीस, कारण खाजगी. एवढे म्हटले असते तरी खुर्ची वाचली असती. रोज रात्री तो हे वाक्य मनात जुळवी आणि सकाळी त्याच्या ओठांपर्यंत काही येत नसे.

शून्य पाहून धाकट्या साहेबांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. पहिल्या तारखेपासून प्रणाली एकटीच चालणार होती. काकूंची रवानगी तळमजल्यावर, सुट्या भागांच्या खोलीत झाली.

आपले सामान एका पिशवीत भरून काकू त्याच्या टेबलाशी थांबल्या. "शून्य लिहिलंस ना?"

त्याने मान हलवली.

"बरं केलंस. शब्द पाळलास," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला तो पेलला असता.

त्याला एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती कळावी म्हणूनच तर कंपनीने त्याला ठेवले होते. ती कळली सोमवारी सकाळी नऊ वाजता. शहरातल्या सर्वांत उंच इमारतीत, चोविसाव्या मजल्यावरचे दोर तपासायचे होते. प्रणालीने क्षणाचाही विलंब न लावता पैलवानांचे नाव पुढे केले. नावापुढे उंचावरच्या कामाचा हिरवा आकडा होता: शंभरात अठ्ठ्याण्णव. त्याने यादी खाली सरकवली. त्या आठवड्यातली उंचावरची सगळी कामे, एकूण एक, पैलवानांकडे होती.

यंत्राचे काहीच चुकले नव्हते. त्याला सांगण्यात आले होते तेवढेच ते शिकले होते. एक्केचाळीस वेळा हा माणूस उंच चढला, एक्केचाळीस वेळा काम चोख झाले. मग उंचावर याच्याइतका भरवशाचा कोण? काकूंच्या मायेने आणि त्याच्या मौनाने मिळून त्या यंत्राला एका घाबरलेल्या माणसाला शोधून काढायला शिकवले होते. आणि फोनची अदलाबदलही आता शक्य नव्हती, कारण पहिल्या तारखेपासून फोन चेहरा पाहिल्याशिवाय उघडत नव्हता. ती सोय त्यानेच बसवली होती.

त्याने पैलवानांना फोन लावला.

"पोचलोच की," पैलवानांचा आवाज आला. मागे जिन्यात पावले घुमत होती. "यंत्रानं एवढ्यांतून माझं नाव काढलंय. मानाचं काम म्हणायचं."

"चढू नका."

"मग काय सांगू? पोटात कळ आली? आज आली, उद्या काय येणार? काकूही नाहीत वर."

"मी सांगतो. तुम्ही जिथे आहात तिथेच बसा. पायरीवर बसा. पैलवान, तुमच्या पाया पडतो."

धाकट्या साहेबांच्या खोलीचे दार त्याने आयुष्यात पहिल्यांदा न ठोठावता उघडले. उभ्या उभ्या सगळे सांगितले. पाच-सहा वाक्यांत आटोपले. तीन महिने जे डोंगराएवढे वाटत होते ते एवढेसेच होते, याची त्याला नव्याने लाज वाटली.

साहेब आधी फोनवर बोलले, पैलवानांना खाली उतरवले, त्या जागी बारक्याला धाडले. मग त्याच्याकडे वळले. "एक्केचाळीस. आणि तुम्ही शून्य लिहिलंत."

"हो."

"त्या बाईंना शब्द दिला होता म्हणून?"

हो म्हणणे सोपे होते. ते अर्धे खरेही होते. "नाही," तो म्हणाला. "मला शून्य आवडलं म्हणून."

साहेब वाईट नव्हते. ते ओरडले नाहीत, यानेच त्याचे जास्त हाल झाले. "चाचणीत हे कळलं असतं, तर मी ती खुर्ची हलवली नसती," ते शांतपणे म्हणाले. "आता प्रणालीचा करार झालाय. नोंदी दुरुस्त करा. आणि डॉक्टरांचा कागद आल्यावर पैलवानांना उंचावर पाठवता येणार नाही, आणि जो चढत नाही त्याला नियमाने मेकॅनिक ठेवता येत नाही. खाली एकच जागा आहे, तीही आपण काकूंना दिलीय."

ती जागा कुणाची, हे काकूंनीच मिटवले. "तो बसेल खाली. त्याच्या घरी खाणारी तोंडं पाच. माझं एकच, आणि तेही बोलण्यातच जास्त जातं." नोंदी दुरुस्त होईपर्यंत त्या वर बसणार होत्या. फार तर तीन आठवडे. पुढे घर.

म्हणून आता त्या पुन्हा त्याच्या शेजारी होत्या, पाहुण्यांच्या लाकडी खुर्चीवर, जुनी वही मांडीवर घेऊन. तो एकेक ओळ उघडी आणि त्या वहीतून खरे काय ते वाचून दाखवत.

"बावीस मजली, माथा?"

"बारक्या."

"नदीजवळची, अठरा मजली?"

"बारक्याच. पैलवान तेव्हा तळघरात होता. छान काम केलं होतं रे त्यानं. तेही लिही, त्याच्या नावावर."

त्याने लिहिले. काकू रागावल्या असत्या, निदान एखादा दिवस बोलल्या नसत्या, तर काहीतरी फिटल्यासारखे वाटले असते. पण त्या नेहमीसारख्याच होत्या, मध्येच त्याला जेवलास का विचारत होत्या, आणि प्रत्येक दुरुस्त ओळीबरोबर त्या स्वतःच जाण्याचा दिवस जवळ आणत आहेत हे दोघांनाही ठाऊक होते.

"काकू," तो एकदा म्हणाला, "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हवं होतंस," त्या म्हणाल्या. "मीही. पुढची ओळ घे."

पडद्याच्या कोपऱ्यात पैलवानांचा हिरवा आकडा प्रत्येक बदलाबरोबर उतरत होता. अठ्ठ्याण्णवचा एक्क्याण्णव झाला, मग चौऱ्याऐंशी, मग पिवळा पडून सत्तर. तीस वर्षे शहरातल्या लिफ्ट ज्याने तोलून धरल्या, तो माणूस त्याच्या एका बोटाने खाली येत होता. एवढ्यात मागे कुणीतरी उभे असल्याचे त्याला जाणवले. खालून बेअरिंगचा खोका घेऊन आलेले पैलवान दारातच थबकले होते आणि पडदा पाहत होते. किती वेळ, कोण जाणे.

त्याचे बोट तिथल्या तिथे थिजले.

पैलवानांनी खोका टेबलावर ठेवला, त्याच्या पाठीवर आपला रुंद हात टेकवला आणि हसायचा प्रयत्न केला.

"थांबलास का? उतरव की. फक्त जरा हळू, मौनीबाबा. मला चक्कर येते."

कुणीच हसले नाही. काकूंनी वहीचे पान उलटले आणि पुढची ओळ वाचली.