साहेबाचे सहा शब्द

चौसाळ्याच्या शिवारातली बारव त्या साली तळाला टेकली. पावसानं दगा दिला, गावाच्या घागरी उपड्या पडल्या, तेव्हा मोगलाईच्या निजाम सरकारनं तळाचा खडक फोडायला एक इंग्रज साहेब धाडला. पारकीन साहेब. माणूस वाईट नव्हता हो, उगं खोटं कशाला बोला! मजुरांना सावलीत बसू द्यायचा, कुणाला ताप आला तर औषध द्यायचा. पण इतकी वर्षं मोगलाईत काढून त्याला शब्द येत होते सहा. चलो, जल्दी, पानी, बस, कोई है, आणि एक शिवी. इथं कुणब्याचं पोरसुद्धा घरात मराठी बोलतं, बाजारात दखनी बोलतं आणि कचेरीतली उर्दू ऐकून बरोबर जागी मान डोलवतं. हा शिकला-सवरलेला बाप्या मात्र म्हणायचा, मला काय गरज, दुभाषी आहे की! दुभाषी म्हणजे बीडचा पंडित. साहेबाच्या कानात जे जायचं ते पंडितच्या तोंडून, आणि पंडितला वाटेल तेवढंच.

मजुरांचा मुकादम होता म्हाळू, आणि त्याची बायको बायनाबाई. त्या दिवशी अवस होती, म्हणून काम बंद. सुरुंगाची भोकं भरून झाली होती, तारा जोडून झाल्या होत्या, आणि बार उद्या उडणार असं पंडित सांगून गेला होता. बारवेच्या तळाशी कपारीत साती आसरा आहेत. पाण्याच्या देवी त्या, शेंदूर फासलेले सात दगड. खडक फुटायच्या आधी त्यांची समजूत काढायला म्हाळू दहीभाताचा निवद घेऊन खाली उतरला. आसरांची पूजा मुक्यानं करायची असते. घर सोडल्यापासून घरी परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला की आसरा माणसाला ओढून नेतात, असं सगळं गाव मानतं. बायनाबाई वर बाभळीखाली त्याची वाट बघत बसली.

तेवढ्यात साहेब आला. एकटाच. पंडित बीडला गेलेला. आज सुटी, इकडं कुणी फिरकणार नाही, मग आजच बार उडवलेला बरा, असा त्यानं आपला हिशेब केला. तारांची टोकं मातीच्या ढिगाऱ्याआड एका पेटीला जोडली. त्या पेटीचा दांडा खाली दाबला की काय होतं, ते बायनाबाईनं मागं माळावर पाहिलं होतं. बैलाएवढ्या धोंड्याची खडी झाली होती.

साहेब काठावर जाऊन वाकला. "कोई है?"

खालून उत्तर नाही. कसं येणार? म्हाळू कपारीत, वरून दिसत नाही, आणि तोंड बांधलेलं. साहेबानं पुन्हा हाक मारली, कान दिला, थांबला. आपल्या परीनं काळजीच घेत होता बिचारा. मग तो पेटीकडे वळला तशी बायनाबाई उठली.

ती धावली. "साहेब! खाली मानूस हाय! आमचे मालक हायत खाली!"

साहेब हसला आणि मान हलवली.

"आसरापाशी बसल्यात ते! त्यांना बोलता येत न्हाई! जरा दम धरा वो!"

त्यातलं 'आसरा' तेवढं साहेबाच्या ओळखीचं. गाव पहिल्यापासून हेच सांगत आलं होतं, आसरांना धक्का लावू नका. आणि पंडितनं दर वेळी समजावलं होतं की अडाणी लोक आहेत, भुताला भितात, तुम्ही लक्ष देऊ नका. बायनाबाईनं हात जोडले, बारवेकडे बोट दाखवलं. गावकऱ्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? हेच हात, हेच बोट.

ती पायऱ्यांकडे पळत सुटली, तर साहेबानं मागून तिचा दंड धरला. अरे देवा, तो तिला वाचवत होता! ओढत आणून त्यानं तिला ढिगाऱ्याआड बसवलं, लेकराची समजूत घालावी तसं काहीबाही बोलला. तिनं हिसके दिले, त्याच्या मनगटाला चावली. सुटेना. दुसऱ्या हातानं त्यानं पेटीचा दांडा वर ओढला.

काय करावं बाईनं? शब्द तर ढीगभर होते, पण खाली माणूस आहे हे त्याला कळेल असा एक नव्हता. आणि मग तिला आठवलं. एक होता. रोज सकाळी कामावर आला की साहेब पहिल्यांदा त्याच नावानं हाक मारायचा.

ते नाव तिनं लग्नात उखाण्यात पुटपुटलं होतं, तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे आईनं आणि सासूनं तिच्या हाडात भिनवलेलं. घेतलं तर मी मारते, नाही घेतलं तर हा मारतो. साहेबानं अंगाचा भार दांड्यावर टाकायला घेतला.

"म्हाळू!" ती किंचाळली. "म्हाळू! म्हाळू!" आणि बोट बारवेकडे.

साहेबाचा हात जागीच थिजला. "माल्लू?"

गोराच तो, आणखी किती गोरा होणार! पण तोंडावरचं उरलंसुरलं रक्त उतरलं. त्यानं तारा उपसून काढल्या, पेटी लाथेनं लांब ढकलली आणि तिथंच मातीत बसला. बायकोच्या तोंडी आपलं नाव ऐकून म्हाळू धडपडत पायऱ्या चढून वर आला. बायको मातीत पडलेली, साहेब शेजारी बसलेला, आणि याला विचारायची सोय नाही! तसाच मुक्यानं घराकडे चालू लागला. बायनाबाई मागून, डोळे त्याच्या पाठीवर. आता पडतो की मग पडतो, म्हणून उंबरा येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दिवेलागणीला साहेब बीडहून परतलेल्या पंडितला घेऊन दारात आला. पंडित म्हणाला, "बाई, साहेब विचारतात, तुला काय पाहिजे? लुगडं माग, काहीही माग."

बायनाबाई म्हणाली, "मला काय बी नगं. साहेबाला म्हनावं, आमची बोली शिका. आज माझे मालक व्हते, मी नाव घेतलं. उद्या दुसरीचे आसतील, अन् तिची जीभ रेटली न्हाई तर?"

पंडित घुटमळला. साहेब बोली शिकला तर पंडितला कोण विचारतो? मग त्यानं इंग्रजीत चार शब्द सांगितले. साहेब खुशीत हसला, टोपी काढून मान लववली.

ते हसू बघून बायनाबाईच्या ध्यानात आलं. हे ऐकून कुणी हसतं होय? या पंडितनं सांगितलंच नाही! आतून म्हाळू म्हणाला, "जाऊ दे की आता." पण ती पुढं झाली. भीतीनं तिचं अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "मानूस."

साहेबानं गोंधळून पंडितकडे पाहिलं.

"त्याच्याकडं नगं बघू! हिकडं बघ. म्हन. मानूस."

पंडित मध्ये काही बोलणार, तोच साहेबानं हात वर करून त्याला गप्प केलं. मग तो बायनाबाईकडे वळला.

"मा-नूस," साहेब म्हणाला.

"हां," बायनाबाई म्हणाली. "आता म्हन, खाली."