माती ओली होती

बोलतोय तो मी, जमिनीखालचं दाखवणारा रडार. चार चाकं, मध्ये नारिंगी पेटी, दांड्यावर पडदा. रस्त्यावरचे लोक मला गवत कापायचं यंत्र समजतात. पूर्वी मला त्याचं हसू यायचं.

माझं काम साधं आहे. मी जमिनीत रेडिओलहर सोडतो. खाली नळ, तार, दगड, काही वेगळं लागलं की ती आदळून परत येते. जाऊन यायला किती वेळ लागला, ते मी मोजतो. पण त्यावरून खोली काढायची तर लहरीचा वेग ठाऊक हवा, आणि तो मातीवर ठरतो. कोरड्या मातीत लहर सुसाट पळते, ओल्या मातीत पाय ओढत चालते. माती कोणती, हे मला माणसानं सांगायचं असतं.

माझा माणूस म्हणजे मोजणीवाला. बावीस वर्षांचा अनुभव. खरं तर एका वर्षाचा, बावीस वेळा. मला खोक्यातून काढलं त्या दिवशी त्यानं 'कोरडी' निवडलं. पुढची पाच वर्षं त्या बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या दिवशी फूटपाथखाली नवा नळ टाकायचा होता. चर एक मीटर खोल खणायचा होता, खणणारा मोजणीवाल्याचाच मुलगा. जुना नळ आठवडाभर गळत होता, फरश्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं. मी विजेची तार शोधली. पडद्यावर कमान उमटली, शेजारी आकडा आला : एक मीटर साठ.

मुलगा म्हणाला, "बाबा, बूट रुततायत बघा. सेटिंग बदलायला नको का?"

"कॉलेज सोडताना मला विचारलं होतंस? मग आता शिकवू नकोस."

"कॉलेजचं काय घेऊन बसलात? खाली वीज आहे."

"तुझ्या चराच्याही खाली साठ सेंटिमीटर आहे ती. बापावर विश्वास नाही का तुझा?"

विश्वास. स्वतः मोजायचा कंटाळा आला की मोठी माणसं हा शब्द काढतात. मुलगा खणत खणत चरात उतरला.

तार ऐंशी सेंटिमीटरवर होती; ओल्या मातीतून लहर उशिरा परतली आणि 'कोरडी'च्या हिशेबानं मी ती दुप्पट खोल दाखवली होती. कुदळ लागली, निळा उजेड झाला आणि मुलगा मागे फेकला गेला. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

महिन्यानं साइटच्या ऑफिसात चौकशी झाली. मला पुराव्यासारखं टेबलाशेजारी उभं केलं होतं. मोजणीवाला म्हणाला, "साहेब, यंत्रानं दगा दिला." मला वाटलं, आता मुलगा बोलणार.

साहेबांनी त्याला विचारलं, "तुला काही शंका आली होती?"

पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो बापाकडे बघत राहिला. बाप खिडकीबाहेर बघत होता.

"नाही," मुलगा म्हणाला. "यंत्रच बिघडलं असेल."

निवडलेली माती, तारीख, वेळ, सगळं माझ्या पोटात नोंदलेलं होतं. पण साहेबांनी पडदासुद्धा चालू केला नाही. माझ्यावर 'निकामी' असा कागद चिकटवला.

आज माझ्या शेजारी नवं यंत्र आलंय. मोजणीवाल्यानं खोकं फोडलं आणि पहिलं बटण दाबलं, 'कोरडी'. मी डोळ्यांनी पाहिलं.

उद्या चरात दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा उतरणार आहे. बाबा रे, कुदळ उचलण्याआधी पडदा स्वतःकडे वळव आणि कोणती माती लावलीय ते बघ. मोजणीवाला चिडेल, वय काढेल, शिक्षण काढेल. काढू दे. बघितल्याशिवाय उतरू नकोस.