काळुरामचा कान

मानपाड्याच्या गॅरेजातल्या काळुराम आणि हरिहर यांचा अबोला त्या दिवशी एकोणिसाव्या दिवसात शिरला होता. दोघे साडू, आणि बावीस वर्षांचे भागीदार. अबोल्याने काम अडलं असं मात्र कुणी म्हणू नये. दोघांनी जॉबकार्डावर लिहून बोलायची सोय काढली होती. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात हरिहर लिहायचा, ‘तेरा नंबरचा पाना कुठे आहे?’ आणि खाली ‘केलेली दुरुस्ती’ या रकान्यात काळुराम उत्तर द्यायचा, ‘जिथे असतो तिथे.’

भांडणाचं मूळ होतं काळुरामचा कान. गाडी फाटकातून आत येतानाच डोळे मिटून तो सांगायचा, पॅड संपलेत, किंवा डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय, किंवा मागच्या ड्रममधला लायनर घासतोय. बाकीचे मेकॅनिक चाक काढून बघतात, आपण चाक काढायच्या आधी सांगतो, अशी आपली डोंबिवलीभर ख्याती आहे असं तो म्हणायचा. डोंबिवलीभर नसली तरी रिक्षास्टँडपर्यंत ती नक्की होती.

तर एकोणीस दिवसांपूर्वी एक गृहस्थ आले. ब्रेक मारला की गाडी बारीक किंचाळते म्हणाले. काळुराम त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “कायच नाय. आवाज तुमच्या मनात हाय.” हरिहरने चाक उघडलं तर पॅड झिजून पार पत्र्याला टेकलेले. गिऱ्हाइकाच्या देखत तो बोलून गेला, “काळू, गाडीचं ऱ्हाऊ दे, आधी तुझा कान तपासून घे.”

काळुरामला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. जाडे आवाज त्याला यायचे, बारीक येईनासे झाले होते. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तो हल्ली बायकोवर ढकलायचा आणि वर पेपर वाचतोय असं दाखवायचा. हे हरिहरला पक्कं कळलं की बावीस वर्षांचा मान एका दिवसात गेला. म्हणून अबोला काळुरामच्या पथ्यावरच पडला होता. कुणी आपल्याशी बोलतच नसेल, तर आपल्याला ऐकू येत नाही हे उघडं कसं पडणार?

एकोणिसाव्या दिवशी वैशाली मॅडम गाडी घेऊन आल्या. मॅडम शाळेत गणित शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे माळशेज घाटातून ओतूरला आईला आणायला जायचं होतं, आणि ब्रेकचं पॅडल पहिल्या दाबाला थेट तळाला जात होतं, दोनतीनदा मारलं की वर येत होतं.

“ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा हाय,” काळुरामने पॅडलवर पाय ठेवून सांगितलं. या निदानाला कान लागत नव्हता, त्यामुळे तो ऐटीत होता. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता. तो बदलला. आता हवा काढायची.

हे काम दोघांचं. एकाने सीटवर बसून पॅडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकामागचं निपल ढिलं करून बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि निपल पुन्हा कसायचं. मगच वरच्याने पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला, तर गेलेली हवा परत आत.

हरिहर सीटवर बसला, काळुराम गाडीखाली शिरला. आणि दोघांच्या लक्षात आलं, की इथे जॉबकार्ड चालणार नाही.

“मॅडम,” खालून काळुराम म्हणाला, “वर जे बसलेत त्यांना सांगा, दाबा.”

मॅडम खिडकीशी वाकल्या. “दाबा म्हणतात.”

“खाली जे झोपलेत त्यांना सांगा, धरलाय.”

“अहो, धरलाय म्हणे!”

काळुरामने निपल उघडलं. “आता सोडा म्हणावं... नको, थांबा, कसू दे आधी!”

“सोडा म्हणाले. नाही, थांबा म्हणाले.”

तोवर हरिहरचा पाय वर आला होता. हवा परत आत.

असं तीनदा झालं. ब्रेक ऑइलची बाटली अर्ध्यावर आली आणि मॅडमचा पारा वर चढला. “दोन पोरांचे निरोप मी वर्गातसुद्धा पोचवत नाही. उद्या मला घाट चढायचाय आणि उतरायचाय. तुमचं तुम्ही बघा,” म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

गाडीखाली काळुराम पाना धरून पडून राहिला. वरून काहीच येईना. हरिहर बोलत नाही की बोललाय आणि आपल्याला ऐकू आलं नाही? अंदाजाने उघडावं का? हात निपलवर गेलाही. पण चुकून हवा राहिली तर उद्या घाटात पॅडल तळाला जाणार, आणि वर बसलेल्या असणार मॅडम आणि त्यांची आई. त्याने हात मागे घेतला.

“हऱ्या,” तो म्हणाला, “तू बोललास का? मना आयकू येत नाय. जोरान बोल.”

हरिहरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मघापासून तीनदा बोललो रं,” हरिहर आता चांगला ओरडून म्हणाला. “कधीपासून हे?”

“दिवाळीपासून.”

“आणि मी समजलो, भाव खातोस!”

“ते पण खात होतो. आता दाब!”

“धरलाय!”

“निपल कसलं! सोड!”

“परत दाबतो!”

दोघे असे गर्जत चारही चाकं फिरले. तिसऱ्या चाकावर शेजारचा टायरवाला विनीत धावत आला. “अरे, एवढे दिवस गप होता ते बरं होतं की! मारामारी कशाला करताय?”

“ब्रेकची हवा काढतोय!” दोघे एकदमच खेकसले.

मॅडमनी रस्त्यावर फेरी मारली, तीनदा कच्चकन ब्रेक दाबला आणि येऊन म्हणाल्या, “दगडासारखं लागतंय.” गणिताच्या बाईंकडून याहून जास्त मार्क कुणाला मिळतात?

गाडी फाटकाबाहेर गेली. काळुराम हात पुसत उभा राहिला. हरिहर गॅरेजच्या दुसऱ्या टोकावरून, त्याच वरच्या पट्टीत ओरडला, “शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं! नंबर मी लावतो!”

रिक्षास्टँडवरच्या माना वळल्या.

“हळू बोल रं,” काळुराम चिडला. “अख्ख्या मानपाड्याला सांगतोस का?”

“तुला आयकवायचं तर मानपाड्याला सांगावंच लागतं!”